मार्च महिन्यातलं भाकीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्याकडे मार्च महिना म्हणजे परीक्षांचा महिना. एकतीस वर्षं मी एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे मार्च म्हटलं की मला पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच आठवतात. निवृत्तीनंतर २०१८ साली तो महिना मी पहिल्यांदा वेगळ्या ठिकाणी घालवला, मुलाकडे, अमेरिकेत ॲरिझोनामधे. आणि तिथे पाहते तो काय, तिथेही परीक्षाच चालू! फरक इतकाच की परीक्षार्थी बेसबॉल खेळणारे होते.

अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधे तीस संघ आहेत. हंगाम सुरू होतो मार्चच्या अखेरीस आणि प्रत्येक संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. जवळजवळ रोज एक सामना. त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यावर सगळे संघ थंडीचा मुलूख सोडून उबेला जातात. पंधरा संघ फ्लोरिडात आणि पंधरा ॲरिझोनात. याला ‘स्प्रिंग ट्रेनिंग’ म्हणतात. तिथले सराव सामने हंगामाच्या गुणतक्त्यात धरले जात नाहीत. पण शिबिरात पन्नास-साठ खेळाडू आलेले असतात आणि मुख्य संघात जागा असतात तेव्हाच्या नियमाप्रमाणे पंचवीस, २०२० पासून सव्वीस. उरलेल्यांना खालच्या दर्जाच्या संघांत पाठवतात, काहींना घरी.

आमच्या मुलाच्या शेजारी एक सत्तरीला टेकलेले गृहस्थ राहायचे. मी संख्याशास्त्र शिकवत होते हे कळल्यावर ते मला ‘प्रोफेसर’ म्हणू लागले आणि एके दिवशी सामना बघायला घेऊन गेले. हिरवळीच्या उतारावर चादर अंथरून लोक बसले होते. शेजाऱ्यांच्या हातात एक वही होती. एकेका खेळाडूसमोर येत्या हंगामाचा अंदाज लिहिलेला. किती हिट, किती होमरन, किती सामने. “दर वर्षी लिहितो,” ते म्हणाले, “आणि ऑक्टोबरमधे ताडून बघतो. बहुतेक वेळा चुकतो.”

आता बेसबॉल आपल्याला परका. पण क्रिकेट समजणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे की गोलंदाजाला इथे पिचर म्हणतात, चेंडू टप्पा न पडता थेट येतो, आणि फलंदाजाचं काम म्हणजे तो मारून बाद न होता किमान पहिल्या थांब्यापर्यंत, म्हणजे बेसपर्यंत, पोचणं. पोचला की एक हिट. दहा संधींत तीन हिट मिळाले की त्याची सरासरी ०.३००, आणि तो उत्तम फलंदाज. म्हणजे दहांतून सात वेळा अपयशी होणारा माणूस इथे शाबासकी मिळवतो! १९४१ साली टेड विल्यम्सने ०.४०६ सरासरी राखली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमधे पूर्ण हंगामात कोणालाही ०.४०० चा टप्पा गाठता आलेला नाही.

मी तिथेच कागदावर एक हिशेब मांडला. हंगामात साधारण पाचशे संधी मिळतात असं धरू. ०.२५० सरासरीचा साधा फलंदाज १२५ हिट मारेल आणि ०.३०० चा नामांकित फलंदाज १५०. फरक पंचवीस हिटचा, सहा महिन्यांत पंचवीस. म्हणजे आठवड्याला जेमतेम एक! मैदानावर रोज येणाऱ्या प्रेक्षकालाही नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळायचा नाही.

त्यात नशिबाचा वाटा असतोच. समजा एखाद्या खेळाडूची खरी कुवत ०.२७५ ची आहे. त्याला पाचशे संधींत सुमारे १३७ हिट मिळायला हवेत. पण चेंडू चार बोटं इकडे गेला तर हिट, तिकडे गेला तर झेल. संख्याशास्त्राचं साधं सूत्र लावलं तर निव्वळ योगायोगाने या आकड्यात दहाएक हिटचा फेर सहज पडतो. म्हणजे तोच माणूस, तीच कुवत, पण एका वर्षी ०.२५५ आणि पुढच्या वर्षी ०.२९५ दिसला तर नवल नाही. वर्तमानपत्रं मात्र पहिल्या वर्षी ‘घसरला’ आणि दुसऱ्या वर्षी ‘सूर गवसला’ असं छापतात.

मग खेळाडूचं भवितव्य ओळखायचं कसं? जुनी पद्धत म्हणजे स्काउट. ही मंडळी गावोगाव फिरून पोरं हेरतात. फटका, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण असे पाच गुण पाहायचे आणि प्रत्येकाला वीस ते ऐंशीमधे गुण द्यायचे. पन्नास म्हणजे सरासरी. अनुभवी स्काउटची नजर ही मोठी गोष्ट आहे, पण ती चकतेही. १९९१ साली न्यूयॉर्क यांकीज संघाने ब्रायन टेलर नावाच्या तरुण पिचरला देशभरातून पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि त्याला साडेपंधरा लाख डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरमधे एका मारामारीत त्याचा खांदा दुखावला आणि तो मुख्य लीगमधे एकही सामना खेळू शकला नाही. उलट १९८८ साली माइक पियाझा हा मुलगा बासष्टाव्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर निवडला गेला, तोही वडिलांची लॉस एंजेलिस डॉजर्सच्या व्यवस्थापकाशी मैत्री होती म्हणून. त्या पियाझाने पुढे ४२७ होमरन मारले आणि २०१६ साली त्याचं नाव हॉल ऑफ फेममधे लागलं.

या नजरेच्या राज्याला आकड्यांनी हादरा दिला, त्याची सुरुवात एका रखवालदारापासून झाली. बिल जेम्स हा कॅन्सस राज्यात एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. रात्री वेळच वेळ. बेसबॉलचे आकडे मांडत बसायचा. १९७७ साली त्याने स्वतःच एक पुस्तिका काढली. तिच्या शंभर प्रतीही खपल्या नाहीत. पण तो दर वर्षी काढत राहिला. त्याचा एक निष्कर्ष असा की फलंदाज साधारण सत्ताविसाव्या वर्षी शिखरावर असतो. आणि गंमत अशी की संघ मोठमोठे पैसे मोजत होते तिशी ओलांडलेल्या नामवंतांना! २००३ साली बोस्टन रेड सॉक्स संघाने जेम्सला सल्लागार नेमलं आणि पुढच्याच वर्षी, १९१८ नंतर प्रथमच, तो संघ विश्वमालिका जिंकला. सगळं श्रेय त्याचं असं मी म्हणणार नाही. पण रखवालदाराचं म्हणणं ऐकण्याइतकं शहाणपण तोवर आलं होतं.

त्याआधी, २००२ साली ओकलंड संघाने हेच केलं होतं. पैसा बेताचा. म्हणून व्यवस्थापक बिली बीन यांनी इतरांना न दिसणारे गुण हेरले. पिचरने आवाक्याबाहेरचे चार चेंडू टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. असे चेंडू सोडून देण्याचा संयम सरासरीत दिसत नाही, आणि म्हणून त्याला भाव नव्हता. ओकलंडने तो स्वस्तात घेतला, त्या वर्षी १०३ सामने जिंकले आणि त्यांत सलग वीस. ‘मनीबॉल’ हे पुस्तक आणि नंतरचा चित्रपट याच गोष्टीवर आहे.

हंगामाआधी भाकीत करण्याची सर्वांत सोपी रीत टॉम टँगो नावाच्या अभ्यासकाने मांडली. तिला त्याने ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या माकडाचं नाव दिलं, मार्सेल. माकडालाही जमावी इतकी सोपी, म्हणून. मागच्या तीन वर्षांचे आकडे घ्यायचे. सर्वांत अलीकडच्या वर्षाला पाच पट वजन, त्याआधीच्या वर्षाला चार पट आणि त्याआधीच्या वर्षाला तीन पट. मग आलेली सरासरी सगळ्या लीगच्या सरासरीकडे थोडी ओढायची. शेवटी वयाचा हिशेब, तरुणाला थोडं वाढवायचं, उताराला लागलेल्याचं थोडं कमी करायचं.

उदाहरण घेऊ. एका खेळाडूच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासऱ्या, अलीकडून मागे, ०.३१०, ०.२८० आणि ०.२७०. संधी दर वर्षी पाचशे. वजनं लावून येतात ०.२९०. लीगची सरासरी ०.२५० धरून तिकडे ओढलं की उरतात सुमारे ०.२८३. शेजाऱ्यांना हे पटेना. “गेल्या वर्षी त्याने ०.३१० केले. तो सुधारलाय. माकड त्याला ०.२८३ का देतं?”

मी म्हटलं, “वर्गात पहिल्या चाचणीत सर्वांत जास्त गुण मिळवणारी पाच मुलं घ्या. दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी जवळजवळ नेहमीच थोडी खाली येते. ती आळशी झाली म्हणून नव्हे. पहिल्या वेळी त्यांच्या हुशारीला नशिबाचीही साथ होती. येणारे प्रश्न नेमके वाचलेले होते. हुशारी दुसऱ्या वेळीही बरोबर येते, नशीब येईलच असं नाही.” उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण आईबापांइतकी नसतात, हे फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली दाखवलं होतं. तोच हा नियम. बेसबॉलमधे पहिल्या वर्षी चमकलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी फिका पडला की लोक त्याला दुसऱ्या वर्षाची साडेसाती समजतात. बहुतेकदा ती साडेसाती नसते, गणित असतं.

या माकडाहून हुशार पद्धतीही आल्या. २००३ साली नेट सिल्व्हरची ‘पेकोटा’ ही पद्धत प्रसिद्ध झाली. वय, बांधा आणि खेळ यांत साम्य असलेले जुने खेळाडू शोधायचे आणि त्यांचं पुढे काय झालं ते पाहायचं. आपल्याकडे वधूवरांची पत्रिका जुळवतात ना, तसंच काहीसं, फक्त ग्रहांऐवजी नोंदी. २००७ साली अवघे ६६ सामने जिंकलेल्या टँपा बे संघाला पेकोटाने २००८ साठी नव्वदीच्या जवळपास विजय दिले तेव्हा लोक हसले. टँपा बे ९७ सामने जिंकून विश्वमालिकेत पोचला. पण २०१५ साली त्याच पद्धतीने कॅन्सस सिटीला ७२ विजय दिले, आणि तो संघ ९५ सामने जिंकून विश्वविजेता झाला. पेकोटाची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ती एका खेळाडूसाठी एकच आकडा सांगून थांबत नाही. फार वाईट गेलं तर इतकं, फार चांगलं गेलं तर इतकं, असा पल्लाही देते.

पिचरचं भाकीत याहून अवघड. त्याचं सगळं कोपरावर. १९७४ साली टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा स्नायुबंध तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हाताचा कंडरा काढून तिथे बसवला. तोवर जॉनच्या नावावर १२४ विजय होते, शस्त्रक्रियेनंतर त्याने आणखी १६४ मिळवले! आता ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि दर वर्षी कित्येक पिचरवर ती करावी लागते. कोणाचा कोपर कधी जाईल, हे सांगणारं सूत्र मात्र अजून सापडलेलं नाही.

त्या मार्चमधे सगळ्या ॲरिझोनात एकाच नावाची चर्चा होती. जपानहून आलेला शोहेइ ओतानी. हा पिचिंगही करणार आणि फलंदाजीही, असं जाहीर झालं होतं. टेंपी गावात त्याच्या संघाचं शिबिर होतं. आणि झालं काय? सराव सामन्यांत त्याला ३२ संधींत फक्त चार हिट मिळाले. सरासरी ०.१२५. पिचर म्हणून त्याने दिलेल्या धावांची सरासरी होती २७, जिथे चार-साडेचार ठीक समजतात. याला खालच्या संघात पाठवा, याची फलंदाजी शाळकरी पोराची आहे, असं जाणकार बोलू लागले. शेजाऱ्यांनीही वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली.

मी पुन्हा हिशेब केला. ०.२८५ च्या चांगल्या फलंदाजालाही ३२ संधींत चार किंवा कमी हिट मिळण्याची वेळ शंभरात सुमारे तीनदा येते. विरळा, पण मोठ्या शिबिरात एखाद्यावर यायची शक्यता असतेच. हंगाम सुरू झाला आणि त्याच ओतानीने त्या वर्षी नेमके ०.२८५ सरासरीने २२ होमरन मारले. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला. पुढे २०२१, २०२३ आणि २०२४ साली तो सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि २०२३ च्या डिसेंबरमधे त्याने दहा वर्षांसाठी सत्तर कोटी डॉलरचा करार केला. अर्थात सगळं नशिबावर लोटणं बरं नव्हे. मार्चच्या अखेरीस त्याने पाय उंच उचलून फटका मारण्याची सवयही सोडली होती. माणूस शिकतो, हे सूत्रांना उशिरा कळतं.

ओतानीकडे थांबायला वेळ होता, कारण तो ओतानी होता. बाकीच्यांचं काय? मुख्य लीगमधे २०२३ साली किमान वार्षिक वेतन सात लाख वीस हजार डॉलर होतं. तिच्या लगेच खालच्या पायरीवर, त्याच वर्षी झालेल्या नव्या करारानंतरही, किमान ३५,८०० डॉलर, आणि करारापूर्वी याच्या निम्मेच. म्हणजे सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या खेळाडूत वीस पटींचा फरक. त्या दोघांच्या खेळात वीस पटींचा फरक असणं शक्यच नाही. तो असतो एखाद्या मार्चमधल्या दोन-चार हिटचा.

आपल्या देशातली दोन मुलंही या दारापर्यंत गेली होती. २००८ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, निवडले गेले. त्यांची पारख चेंडूच्या वेगावर आणि नेमावर झाली होती. बेसबॉल त्यांनी तोवर खेळलेलाच नव्हता. काही महिन्यांच्या शिक्षणावर दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. दिनेश दोन वर्षांनी परतला. रिंकू खालच्या लीगमधे आणखी काही वर्षं चिवटपणे खेळला, पण दुखापतींनी त्याला गाठलं. मुख्य लीग दोघांनाही लाभली नाही. भाकीत चुकलं म्हणायचं का? मला वाटतं, चेंडूचा वेग मोजला गेला आणि त्यावरून सगळ्या माणसाचा अंदाज बांधला गेला.

मी परत निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यांनी एक जुना फोटो दाखवला. गणवेशातला सडपातळ तरुण. “मी,” ते म्हणाले. तरुणपणी ते दोन वर्षं खालच्या लीगमधे खेळले होते. तिसऱ्या वर्षी शिबिराला बोलावणं आलं. “मला चौदा संधी मिळाल्या. तीन हिट. एका सकाळी कपाट रिकामं करायला सांगितलं.” मग ते पुढे वाकून म्हणाले, “प्रोफेसर, तुमचा तो हिशेब माझ्यासाठी करा.”

मी केला. समजा ते ०.२८० कुवतीचे चांगले फलंदाज होते. तरी चौदा संधींत तीन किंवा त्याहून कमी हिट मिळण्याची वेळ शंभरात बेचाळीसदा येते. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “आणि मी ०.२०० चा, साधाच खेळाडू असतो तर?” तोही हिशेब केला. शंभरात सत्तरदा.

“मग मी कोण होतो?”

खोटा दिलासा देणं सोपं होतं. पण इतकी वर्षं मी मुलांना खोटी उत्तरं दिली नव्हती. म्हटलं, “ते चौदा चेंडूंवरून सांगता येत नाही. तुम्हालाही नाही, आणि त्या सकाळी तुम्हाला घरी पाठवणाऱ्यालाही नाही.” ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने कागदाची घडी करून तो फोटोच्या चौकटीमागे खोचला.

परतीच्या विमानात मला माझीच एक विद्यार्थिनी आठवत राहिली. पहिल्याच वर्षी एका परीक्षेत ती सपशेल नापास झाली. मी तिला बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं होतं, “बाळ, हा विषय तुझा नव्हे. दुसरं काहीतरी घे.” तिने घेतलं. माझ्यापुढे तेव्हा एक उत्तरपत्रिका होती. एकच. आदल्या वर्षीचे तिचे गुण मी मागवले नव्हते, पुढच्या चाचणीची वाट पाहिली नव्हती. जी गोष्ट मी रोज फळ्यावर शिकवत होते, ती समोरच्या मुलीच्या बाबतीत मला सुचली नाही. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

श्रोतेहो, निवड तर कोणाला तरी करावीच लागते. जागा सव्वीस असतील तर सत्ताविसाव्याला नाही म्हणावं लागतं, आणि प्रवेश साठ असतील तर एकसष्टाव्याला. त्याला इलाज नाही. पण नाही म्हणताना आपल्यापाशी पुरावा किती आहे, हे आपण स्वतःला विचारू शकतो आणि समोरच्याला सांगूही शकतो. ‘तू चांगला नाहीस’ आणि ‘आमच्याकडे जागा नाही, तू किती चांगला आहेस हे आम्हाला पुरतं कळलेलं नाही’, या दोन वाक्यांपैकी कुठलं घेऊन माणूस घरी जातो, याने पुढची पन्नास वर्षं फरक पडतो.

दर वर्षी मार्चमधे शेजाऱ्यांचं पत्र येतं. वहीतले नवे अंदाज कळवतात. आता प्रत्येक नावापुढे ते तीन आकडे लिहितात. मधला अंदाजाचा, एक खालचा आणि एक वरचा.